कंट्रोलचं रक्त

त्या दिवशीही पडदा कोराच होता.

अगदीच कोरा नव्हे. यंत्राने पेशी मोजल्या होत्या, त्यांचे ठिपके आपापल्या जागी दाटीवाटीने बसले होते. निळा रंग लागला होता, हिरवा लागला होता. फक्त ज्या एका रंगासाठी हा सगळा खटाटोप, तो नारिंगी रंग औषधालाही नव्हता.

"मेली बाटली!" ताई म्हणाल्या, आणि खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली की ती कपाटावर जाऊन आदळली.

प्रयोगशाळेत त्यांना सगळेच ताई म्हणत, प्रयोगशाळेचे प्रमुख आणि वयाने मोठे असलेले सरसुद्धा. त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, पण 'डॉक्टर' म्हटलं की शेजारीपाजारी पाठदुखी सांगायला येतात, म्हणून ती पदवी त्यांनी कधी मिरवली नाही. मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे होत्या. एक राग आणि दुसरा हात. ताईंचा हात म्हणजे हात, असं लोक म्हणत. बाकीच्यांनी तीनदा केलेला प्रयोग बिघडायचा आणि ताईंनी एकदा केला की चोख यायचा. या हाताच्या जोरावर त्या कुणाचेही तोंडावर वाभाडे काढू शकत. आणि गेले काही आठवडे लोक त्याच हाताबद्दल पाठीमागे कुजबुजत होते.

काम असं होतं. आपल्या रक्तात काही पहारेकरी पेशी असतात. जंतू सापडला की त्या त्याला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एक तुकडा एका प्रथिनावर ठेवून बाहेर धरतात, की बाबांनो, हा आला होता, याला ओळखून ठेवा. ते प्रथिन म्हणजे एक ताटच म्हणा ना. पेशींवर ताटं भरपूर असली तर शरीर जागं आहे. अतिदक्षता विभागातल्या एखाद्या रोग्याची ताटं कमी झाली, तर त्याच्या शरीराने लढाई सोडत आणली आहे असं समजायचं. अशा रोग्यांना शरीर जागं करणारं एक इंजेक्शन सरांच्या अभ्यासात दिलं जाई. ताटं मोजायची जबाबदारी ताईंची, आणि मोजायचं साधन म्हणजे ती बाटली. तिच्यात होती एक अँटिबॉडी. ती त्या ताटालाच जाऊन चिकटायची, दुसऱ्या कशाला नाही, आणि तिच्या शेपटाला नारिंगी रंग बांधलेला असायचा. जितका रंग, तितकी ताटं.

रोग्यांच्या नळ्या लावण्याआधी रोज सकाळी एका धडधाकट माणसाचं रक्त यंत्राला दाखवायचं. त्याला कंट्रोल म्हणत. कंट्रोलमध्ये रंग दिसला तर काम सुरू. नाही दिसला तर त्या दिवशीच्या सगळ्या नळ्या कचऱ्यात. हा नियम सरांचा, पण तो पाळायचा मक्ता ताईंनी घेतला होता. आता रोज सकाळी धडधाकट माणूस आणायचा कुठून? तर तिथे रीतच पडून गेली होती. जो यंत्र उघडेल त्याने बाही वर करायची.

अभ्यास सुरू झाल्यापासून यंत्र उघडायचा तो पहिलवान. हा ताईंचा कामातला जोडीदार. अंगाने आडवा, स्वभावाने गरीब. त्याची शीर दोरखंडासारखी होती, सुई डोळे मिटून घातली तरी लागायची. पहिलवान दुसरीकडे नोकरीला गेला आणि त्याच आठवड्यात जुनी बाटली संपून तशीच नवी आली. तेव्हापासून यंत्र उघडणाऱ्या ताई, दंड ताईंचा, आणि नारिंगी रंग बेपत्ता.

ताईंनी काय करून पाहायचं बाकी ठेवलं होतं? पाणी बदललं. क्षार बदलले. यंत्राची साफसफाई केली, यंत्र बनवणाऱ्यांचा माणूस बोलावून त्याच्याकडून पुन्हा केली. नळ्या बदलल्या. अंधारात काम केलं, बर्फावर केलं, बर्फाशिवाय केलं. कंपनीकडे भांडून एक नवी बाटली मागवली, ती पण तशीच निघाली म्हणून तिसरी मागवली. तिसरी उघडताना ताईंनी, देवाधर्माचं वावडं असूनही, मनातल्या मनात हात जोडले. तरी पडदा कोराच.

कंपनीच्या मदतीच्या फोनवर जो माणूस यायचा त्याला ताईंनी गोडबोल्या असं नाव ठेवलं होतं.

"मॅडम, बाटली फ्रिजमध्येच ठेवली होती ना?" गोडबोल्याने विचारलं.

"नाही, पर्समध्ये घालून बाजारात फिरत होते."

"मॅडम, तुम्ही छान विनोद करता. बरं, उघडण्याआधी हलवली होती का?"

"अहो, वीस वर्षं हेच करतेय मी! लहान मुलाला दूध पाजायला शिकवल्यासारखं काय विचारताय?"

"तसं नाही मॅडम, पण याच घाण्यातली बाटली आमच्याकडे उत्तम चालतेय. आम्ही रोज तपासतो."

"म्हणजे दोष माझा?"

"असं मी कुठे म्हणालो?" गोडबोल्या म्हणाला. त्याच्या आवाजात इतका मऊपणा होता की ताईंना फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

त्याच दुपारी सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. ते फक्त दमले होते. त्यांना पैसे देणाऱ्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि अतिदक्षता विभागातून रोज शिव्या खायच्या होत्या.

"ताई, महिनाअखेर मी मोजणीचं काम दुसऱ्या प्रयोगशाळेला देतोय," ते म्हणाले. "त्यांच्याकडे हीच बाटली चालते."

"आणि मी?"

सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "अभ्यासात मोजणी नसेल तर मोजणीची जागाही नसेल. मी दुसरीकडे शब्द टाकीन. पण लोक विचारणार की काय झालं होतं."

"बाटली खराब आहे, हे झालं होतं."

"तीन बाटल्या, ताई?" सर हळू आवाजात म्हणाले. "आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

आडात म्हणजे कुणात, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांची कानशिलं तापली होती. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण रागावलेल्या माणसाला धड रडताही येत नाही.

घरी नवऱ्याने त्यांचा दंड पाहिला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे जवळून निरखून बघायची त्याला सवय. दोन्ही कोपरांच्या खोबणी निळ्याजांभळ्या झाल्या होत्या.

"अगं, हे काय? रोज स्वतःचं रक्त काढायचं आणि दिवसभर त्याच्यावर चिडायचं?"

"रक्तावर नाही चिडत. बाटलीवर चिडते."

"एवढं रक्त संसारात आटवलं असतंस तर आपला बंगला झाला असता."

एरवी ताई हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "माझा हात गेला असं म्हणतात सगळे. उद्या तूही म्हणशील."

नवरा उठला. त्याने बर्फ आणून फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या कोपरावर धरून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीरच सापडेना. डाव्या हाताला टोचलं, उजव्या हाताला टोचलं, नळीत टिपूसभर आलं आणि थांबलं. नेमका त्याच वेळी दाढी दारात उभा राहिला. दाढी म्हणजे अतिदक्षता विभागातला तरुण डॉक्टर. रोज रोग्यांच्या नळ्या घेऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात गेल्याचं ऐकून भांडायचा.

"ताई, आज तरी लागणार आहेत का माझ्या नळ्या? वर माणसं पडलीत. त्यांना इंजेक्शन द्यायचं की नाही हे मी काय पाकळ्या तोडून ठरवू?"

"कंट्रोल नाही आज. शीर मिळत नाही. जा तू, ओत सगळं मोरीत!"

"शीर मिळत नाही म्हणून?" दाढीने कोट काढला, खुर्ची ओढली आणि दंड पुढे केला. "घ्या माझं. काढा, पण करा एकदाचं!"

ताईंनी त्याचं रक्त काढलं ते केवळ त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. तोच रंग, तेच पाणी, तीच खराब बाटली. नळी यंत्राला लावली आणि त्या दुसरीकडे बघत बसल्या.

"हे नारिंगी दिसतंय ते काय आहे?" दाढीने विचारलं.

पडद्यावर दाढीच्या पहारेकरी पेशी उजव्या कोपऱ्यात गर्दी करून झगमगत होत्या.

ताई उठून उभ्या राहिल्या. मग बसल्या. मग सकाळी आपलं जे टिपूसभर रक्त निघालं होतं, ते त्याच बाटलीतला थेंब घालून त्यांनी लावलं. कोरं. पुन्हा दाढीचं लावलं. झगमगाट. पुन्हा स्वतःचं. कोरं.

पाणी बदललं, यंत्र धुतलं, तीन बाटल्या बदलल्या. आणि दंड? दंड काही बदलला नव्हता. आपलं रक्त ते आपलं रक्त, त्यात काय तपासायचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो ताईंनी पायी पायी, चांगले काही आठवडे घातला होता. स्वतःचा इतका संताप त्यांना जन्मात आला नव्हता.

"ताई," दाढी जरा घाबरून म्हणाला, "म्हणजे तुमच्या पेशींवर ताटंच नाहीत? मग तुम्ही उभ्या कशा आहात?"

"तेच बघायचंय," ताई म्हणाल्या आणि जिन्याकडे धावल्या.

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्याच प्रथिनासाठी दुसऱ्या जातीची अँटिबॉडी होती. ती त्या ताटाला वेगळ्या जागी धरायची. ताईंनी तिचा थेंब उसना आणला. त्या थेंबाने त्यांच्या पेशी दाढीच्या पेशींइतक्याच उजळल्या. म्हणजे ताटं होती, चांगली भरगच्च होती. फक्त त्यांच्या ताटांची कड जन्मतःच जराशी वेगळी होती, आणि बाटलीतल्या अँटिबॉडीला नेमकी तीच कड धरता येत नव्हती.

त्यांनी गोडबोल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज साधा झाला. "होय मॅडम, असं एकदोनदा कानावर आलंय. फार थोड्या माणसांत असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रक्त कुणाचं वापरताय हे कधी बोलणंच झालं नाही."

ताईंना यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला जागा नव्हती. बाटली निर्दोष होती. हातही निर्दोष होता. त्या एक क्षण इतक्या हलक्या झाल्या की हसूच आलं. मग ते हसू ओठांवरच थिजलं. धडधाकट माणूस या बाटलीला शून्य दिसू शकतो. मग पहिलवान असताना अभ्यासात जे रोगी शून्य दिसले होते त्यांचं काय?

कमी दिसलेले पुष्कळ होते, ते ठीक होतं. पण काही जण साफ शून्य होते. अगदी थकलेल्या शरीरावरही थोडी ताटं उरतात, मग ही माणसं शून्य कशी, असा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला होता. आणि उत्तर एकच काढलं होतं, की यांची अवस्था सर्वांत वाईट. म्हणून इंजेक्शन त्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त दिलं गेलं होतं. शरीर मुळात जागंच असेल तर त्या इंजेक्शनाने ते स्वतःलाच जाळत सुटतं.

ताईंनी हे सगळं सरांना सांगितलं. सरांनी अर्धं ऐकलं.

"म्हणजे आता रंग दिसतोय? उत्तम. पण मी कागद पाठवून चुकलोय. काम तिकडे जाणार."

"सर, कामाचं नाही बोलत मी. बाटलीला काही माणसं दिसत नाहीत."

"तुम्ही दिसत नाही. एका दंडावरून अख्खा अभ्यास उलटा करू? उद्या कुणी म्हणेल माझी नखं वेगळी आहेत." सरांनी डोळे चोळले. "ताई, हे बघा, तिकडच्यांना मी कळवलंय की आमच्याकडे हाताळणीत चूक होत होती. विषय संपला."

"हाताळणीत?" ताईंचा आवाज फाटला. "माझ्या हाताळणीत?"

"मग दुसरं काय लिहू?"

दुसरं काही लिहिलं असतं तर सगळाच अभ्यास तपासावा लागला असता. ताईंचा हात चुकला म्हटलं की सगळं जिथल्या तिथे राहत होतं. इतकी स्वस्त सोय सरांना दुसरी कुठली मिळणार होती?

पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती! ताईंनी सरळ त्या दुसऱ्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथली बाई अगदी लाघवी होती.

"तुम्ही कंट्रोलला रक्त कुणाचं घेता?" ताईंनी विचारलं.

"माझंच की! काय सुंदर येतं म्हणून सांगू, एकदाही चुकलं नाही. तुमच्याकडे हाताळणीचा काही घोळ झाला होता ना? काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ."

ताईंनी दातओठ खात फोन ठेवला. त्या बाईचं रक्त रोज झगमगणार, ती रोज खूश होणार, आणि बाटलीला न दिसणारा रोगी आला की ती त्याला डोळे झाकून शून्य ठरवणार. तिचं काही चुकणार नव्हतं, आणि म्हणूनच तिला कधी काही कळणारही नव्हतं. सांगून पटेल असं कुणी उरलंच नव्हतं.

दाढीला मात्र पटलं होतं, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. रोग्यांच्या नळ्या तिकडे जायला लागल्या त्या पहिल्याच दिवशी ताईंनी त्याला गाठलं. कोपरांची सूज उतरली होती. त्यांनी बाही वर केली.

"काढ," त्या म्हणाल्या. "आणि रोग्यांच्या नळ्यांत ठेवून दे. नंबर घाल, नाव घालू नकोस. खाली माझा फोन नंबर लिही."

"ताई, हे नियमात बसतं का?"

"प्रयोगशाळा तपासायला गुपचूप नळी पाठवणं ही जुनी पद्धत आहे. नसेल बसत तर मला काढून टाकतील. तसंही काढलंच आहे."

दाढीने हसू दाबत रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या खोलीत सगळे जेवायला बसले होते. ताईंच्या निरोपाचंच जेवण होतं ते. सरांनी चार चांगले शब्द बोलायचे म्हणून घसा खाकरला होता, आणि ताई मान खाली घालून डब्याचं झाकण उघडत होत्या. इतक्यात फोन वाजला. नंबर पाहून ताईंनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला.

"मी मोजणीतून बोलतेय," लाघवी बाईचा आवाज आला, पण आज तो घाईत होता. "काल तुमच्याकडून एक नळी आली होती ना, त्या रोग्याबद्दल कागद यायची वाट न बघता फोन करतेय. साफ शून्य आहे हो! मी दोनदा लावलं. कंट्रोल उत्तम आहे, त्यामुळे शंकाच नको. इंजेक्शन आजच सुरू करा, मोठ्या मात्रेने. रोगी शुद्धीवर आहे का?"

"आहे," ताई म्हणाल्या.

"बोलतोय का?"

"तुमच्याशीच बोलतेय. आता जेवायला बसलेय."

दाढीने तोंडावर हात धरला. सरांचा घास हातातच राहिला होता. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ताई हे सगळं बघत होत्या. या क्षणासाठी त्यांनी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! पाठ केलं होतं अक्षरशः. त्यातलं एकही वाक्य त्यांच्या जिभेवर आलं नाही.

सरांनी फोन बंद केला आणि डबा बाजूला सारला.

"आपल्या अभ्यासात साफ शून्य किती होते, ताई?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तिघांनाही इंजेक्शन?"

"तिघांनाही. मोठ्या मात्रेने."

सरांनी विचारलं, "आणि ते?"

"दोघं घरी गेले," ताई म्हणाल्या.